पिशवीच्या चुणीत

आईचा कुकर नाहीसा झाला तेव्हा चोर कोण, हे घरात कुणाला शोधावं लागलं नाही. आईने मागच्या दाराशी उभं राहून फक्त एक हाक मारली, "खटपटी!" आणि शेडमधून उत्तर आलं, "थांब जरा, झाकणाला भोक पाडतेय!"

आईने कपाळाला हात लावला. जुना का होईना, चालता कुकर होता तो. पण या मुलीपुढे कुणाचं काय चालणार? लहानपणी रेडिओ खोलला, मग शिवणयंत्र खोललं, मग शेजाऱ्यांचं घड्याळ खोललं आणि वर त्यांनाच ऐकवलं की तुमचं घड्याळ आधीपासूनच बिघडलेलं होतं. तेव्हापासून तिचं नाव खटपटी पडलं ते कायमचं. आता तिशी उलटली, लग्नाचा विषय घरात निघून निघून थकला, तरी नाव तेच आणि उद्योगही तेच.

घरामागे शेड होती. तिथे तिचे वडील फायबरचं काम करायचे. सगळी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणायची. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, तलावात पायाने चालवायच्या होड्या, काय म्हणाल ते. साच्यावर काचेचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, ब्रशने आणि रोलरने चेपत जायचं, आणि वाळलं की दगडासारखं टणक. मिस्त्रींचा हात असा की रोलर फिरवताना बुडबुडा त्यांना घाबरून पळतो, असं लोक म्हणायचे. शर्टाच्या कॉलरला कायम एक टाचणी. मगात उरलेल्या नाहीतर साच्यात जाड असलेल्या रेझिनमध्ये ती टोचून बघायची. आत गेली तर अजून कच्चं, अडली तर पक्कं. घड्याळ नाही, काही नाही. ती टाचणी त्यांच्या कॉलरवर नसली तर आईसुद्धा विचारायची, "आज बरं नाही का?"

खटपटी या शेडमध्येच वाढली. शाळा संपल्यावर इकडे आली ती आलीच. तिचा धाकटा भाऊ, त्याला मिस्त्री राजा म्हणायचे, दूरच्या शहरात नोकरीला होता. म्हणजे खरं सांगायचं तर एक नोकरी सोडून दुसरी शोधण्याच्या कामाला होता. शेडमध्ये तो लहानपणापासून नाकाला रुमाल लावूनच यायचा. त्यात त्याचा काही दोष नाही, वास असतोच तसा.

तर कुकर. हाताने केलेल्या कामात रेझिन जास्तच राहतं, आणि रेझिन म्हणजे वजन. टाकीला वजन असलं तर बिघडत नाही, पण शर्यतीच्या बोटीला ते चालत नाही. त्यासाठी उपाय आहे. ओल्या कामावर प्लास्टिकची पिशवी पसरायची, कडा साच्याला चिकटवून टाकायच्या आणि आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच सगळीकडून अशी दाबते की दहा माणसं वर बसवली तरी तसं दाबता येणार नाही. जादा रेझिन पिशवीखाली अंथरलेल्या घोंगडीत शोषलं जातं, बोट हलकी आणि मजबूत निघते. याची तयार यंत्रं मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

खटपटी खाली बसणारी नव्हती. भंगारवाल्याकडून तिने मेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला आणि त्याची हवा ओढायची नळी पुढे घेतली. रेझिन ओढलं जाऊन पंपात जाऊ नये म्हणून मधे आईचा कुकर. तोही विचार करून निवडलेला, झाकण वरून बसणारा, म्हणजे हवा ओढली की आणखी घट्ट बसेल. हवा किती ओढली गेली ते दिसावं म्हणून दूध काढायच्या यंत्रावरचा काटा मिळवून लावला. रेझिनला घोंगडी चिकटू नये म्हणून मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून शिवलं. बाबा लांबून बघायचे आणि म्हणायचे, "छत्री, कुकर, फ्रिज. आता घरातली फक्त खाट उरली. तीही घेऊन जा."

पण ते चालायला लागलं! पहिल्यांदा एका लहानशा फळीवर तिने करून पाहिलं. पंप घरघरला, प्लास्टिक आक्रसत गेलं, काटा चढला आणि मधेच अडला. कुठेतरी हवा जात होती. खटपटीने पंप क्षणभर बंद केला, डोळे मिटले आणि कान कडेला लावत लावत पुढे सरकली. केसाएवढ्या भोकातून हवा आत शिरताना जो बारीक सूंऽऽ आवाज येतो, तो तिला ऐकू यायचा. दुसऱ्या कुणाला येत नसे. "सापडलं!" म्हणाली, चिकट पट्टीचा गोळा दाबला, आणि काटा वर गेला. दुसऱ्या दिवशी फळी सुटी झाली तेव्हा बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, नखाने वाजवली.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"हलकी आहे," ते म्हणाले आणि फळी खाली ठेवली.

पुढे काय झालं, तर बोटक्लबचे सर आले. उंच, शिडशिडीत, घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी ती फळी बघितली आणि म्हणाले, अशी एक आख्खी बोट करून दाखवा. आवडली तर क्लबच्या सगळ्या बोटी तुमच्याकडेच. सर पायऱ्या उतरायच्या आत ती बाबांना म्हणाली, आणि ही गोष्ट गेली कित्येक वर्षं तिच्या ओठांवर होती:

"बाबा, ही बोट जमली तर शेड मी चालवू? तुमच्या हाताखाली नाही. माझी म्हणून."

आई दारात थबकली. सरही थांबले. आता चारचौघांत विचारल्यावर बाप काय म्हणणार? मिस्त्री हसले, मोठ्याने हसले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमली, तर शेड तुझी. राजाचं मी बघतो. सरांसमोर सांगतो, झालं समाधान?"

समाधान! अहो, तिला गगन ठेंगणं झालं. त्या दिवसापासून ती जेवताना बोटीचं बोलायची, झोपेत बोटीचं बोलायची. आई म्हणाली, "अगं, घास तरी चावून खा." शेडच्या दारावर पाटी कुठल्या रंगाची लावायची इथपर्यंत तिचं ठरून गेलं. आणि बाबाही कामाला लागले, यातलं सगळ्यात वाईट हेच. साचा घासून घासून आरशासारखा त्यांनीच केला. कापड त्यांनीच कापलं. बोट घालायच्या दिवशी पहाटे उठून तेच आधी शेडमध्ये गेले.

त्या सकाळसारखी सकाळ खटपटीच्या आयुष्यात आधी आली नव्हती. ती एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने, मधे पोकळ लांबलचक साचा. एक थर, वर दुसरा थर. "तिकडे कोरडं राहिलंय बघ." "बघितलं." "शाबास." बाबा शाबास म्हणाले! ऊर भरून आला तिचा. मग छत्रीचं कापड, मग घोंगडी, मग प्लास्टिक. बोटीची वळणं असतात, म्हणून प्लास्टिक सपाट बसत नाही. कडेला जागोजागी जादा प्लास्टिकच्या उभ्या चुण्या घालाव्या लागतात, परकराला घालतात तशा. त्या साच्याच्या बाहेर, काठावर उभ्या राहतात. आत काही नसतं, नुसतं प्लास्टिक आणि पोकळी. एकेक चूण तिने स्वतः चिकटवली.

पंप सुरू केला. प्लास्टिक चरचरत ओढलं गेलं आणि बोटीचं अंग उमटलं. काटा थेट वर. तिने कान लावून पूर्ण फेरी मारली. कुठे म्हणून आवाज नाही.

"बाबा, एकसुद्धा भोक नाही!"

"दिसतंय की," बाबा म्हणाले. ते काट्याकडे बघत होते.

आता रेझिन पक्कं होईपर्यंत फक्त राखण करायची. तेवढ्यात आईची हाक आली, जेवायला चल. खटपटी म्हणाली, नको. बाबा म्हणाले, "जा गं बये. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. मी बसतो इथे." आणि स्टूल ओढून बसलेसुद्धा. बापाच्या ताब्यात काम सोडून जायचं, त्यात विचार कसला करायचा? ती गेली. घाईघाईने जेवली, हात पुसत पुसत परत आली.

शेडमध्ये मोठा पंखा गरगरत होता. बाबा स्टुलावर. आणि काटा पार खाली.

"अगं, मी तुला हाक मारणारच होतो," बाबा उठत म्हणाले. "आत्ता, आत्ताच पडला बघ."

ती पिशवीवर वाकली, कान लावला, पण पंख्याच्या आवाजात काय डोंबल ऐकू येणार? "पंखा बंद करा! बाबा, पंखा!" बाबा बटणापर्यंत गेले, कुठलं बटण ते जरा चाचपडले, मग पंखा थांबला. ती गुडघ्यांवर सरकत गेली. या टोकाला नाही. इथे नाही. मग मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, सूंऽऽ. एका चुणीपाशी. तिने हाताला लागेल तेवढा चिकट गोळा थापला, अख्खी चूण मुठीत दाबून धरली. काटा चढला. पण तळहात खाली टेकला तर रेझिन गरम लागलं. गरम म्हणजे ते धरायला लागलेलं असतं. जे जसं असेल ते आता तसंच राहणार.

"होईल नीट," बाबा म्हणाले. ती चूण तिने तशीच धरून ठेवली, हाताला रग लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बोट साच्यातून निघाली. वरून बघाल तर देखणी. पण तळाशी, जिथे साचा खोल होता, तिथे पिशवी सैल पडल्यावर कापड उचललं गेलं होतं आणि तसंच वाळलं होतं. सरांनी नाण्याने ठोकून बघितलं. टण् वाजायला हवं तिथे बद्द बद्द वाजलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर भले माणूस. म्हणाले, "प्रयत्न चांगला होता," आणि घड्याळाकडे बघत निघून गेले.

"यंत्र ते यंत्रच बये," बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "हाताची सर नाही त्याला. वाईट वाटून घेऊ नकोस." ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. हो, त्यांच्याच खांद्यावर.

आणि दुपारी राजा आला. दोन मोठ्या बॅगा, एक गुंडाळलेली गादी, डोक्यावर टोपी.

"अरे, तू अचानक?" तिने डोळे पुसत विचारलं.

"अचानक कुठे ताई? खोली सोडून आलो. बाबांनी मागेच फोन केला होता ना. म्हणाले, शेड तुलाच द्यायची आहे, नोकरीच्या मागे काय लागतोस, ये परत." तो बूट काढता काढता बोलत होता, मनात काही नसल्यासारखा. आणि नव्हतंच. "तुला बोलले असतील की. सर फळी बघून गेले म्हणे, फोन त्याच्याही आधीचा."

खटपटीने त्याला पाणी दिलं. मग शेडमध्ये गेली.

कालची पिशवी कोपऱ्यात चोळामोळा होऊन पडली होती. घरगुती कारभार, प्लास्टिक धुऊन पुन्हा वापरायचं, म्हणून तिने ती कधीच फेकली नसती. तिने ती दाराच्या उजेडात धरली. थापलेला गोळा सोलून काढला, चूण उलगडली. आत बारीक, गोल भोकांची ओळ होती. फाटलं तर भोक वेडंवाकडं होतं, घासलं तर चरा पडतो. ही टोचलेली होती. एकाशेजारी एक, शिवणीच्या टाक्यांसारखी.

ती तिथेच खाली बसली. आणि बघा कशी वेडी पोरगी, बसल्या बसल्या तिने आधी बापासाठीच पळवाट शोधली. सवय! आयुष्यभर टाचणी टोचून बघणारा माणूस. रेझिन पक्कं झालं का बघायला हात आपोआप गेला असेल. पिशवी आहे हे लक्षातच राहिलं नसेल. असंच झालं असणार. तसं असेल तर एवढं रडायचं काय, उलट हसायचं. जन्मभर चिडवता येईल त्यांना. पण चूण साच्याच्या बाहेर होती. तिच्यात रेझिनचा थेंब नव्हता. तिथे पक्कं काय झालंय हे कोण बघेल? शिवाय भोकं चुणीच्या आत होती. म्हणजे दोन बोटांनी चूण उघडायची, आत टोचायचं आणि पुन्हा मिटवायची. आणि तो पंखा. या माणसाला जन्मात कधी रेझिनच्या वासाचा त्रास झाला नव्हता. पंखा लागला तो सूंऽऽ ऐकू येऊ नये म्हणून.

केसाने गळा कापतात म्हणतात. इथे टाचणी होती एवढाच काय तो फरक.

तरी तिने विचारलंच. बाबा राजाला शेड दाखवायला घेऊन आले होते, मागून आई, हातात चहाचे कप. खटपटी उठून उभी राहिली.

"बाबा, काल तुम्ही पिशवीला टाचणी लावली होती ना? सवयीने?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. तिने पळवाटेचं दार उघडून दिलं होतं, ते आत शिरले. "हो गं," सुस्कारा सोडून म्हणाले. "सवय मेली. हात गेला आणि मग लक्षात आलं. तुला सांगायची लाज वाटली बघ."

"कुठे टोचली?"

"कुठे म्हणजे? मधे. तळाला. जाड असतं तिथेच बघतो ना मी नेहमी."

तिने पिशवी दोन्ही हातांनी दारात धरली. मधला भाग उजेडात लख्ख दिसत होता, कुठे म्हणून भोक नाही. मग तिने चूण उलगडली. राजा एकदा पिशवीकडे, एकदा बापाकडे बघत राहिला.

"तिला जेवायला हाक मार असं तुम्हीच मला सांगितलं होतंत," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काटा वर गेला की हाक मार म्हणालात. मला वाटलं, पोरीची काळजी."

मिस्त्री स्टुलावर बसले. कालच्याच.

"मग काय करायचं मी?" ते म्हणाले. "पोरगा परत यायला तयार झाला होता. त्याला शब्द दिला होता."

"मग मला कशाला दिलात?"

"तू सगळ्यांसमोर विचारलंस. तोंडावर नाही कसं म्हणू? आणि मला वाटलं..." ते थांबले.

"काय वाटलं?"

"वाटलं, तुला जमायचंच नाही."

"आणि जमलं," खटपटी म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. कॉलरवर टाचणी होती, नेहमीच्या जागी.

"नाही म्हणायचं होतंत हो," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, मग पुन्हा आले असते इथेच. साचा घासलात माझ्याबरोबर. शाबास म्हणालात. आज सकाळी मी तुमच्याच गळ्यात पडून रडले, बाबा!"

राजा पुटपुटला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं." ती म्हणाली, "तुला नाही रे बोलत मी." मग ती वाकली आणि कॉम्प्रेसरच्या नळ्या सोडवायला लागली. एक, दुसरी. काटा काढून कापडात गुंडाळला.

आणि तेव्हा मिस्त्री बोलले. रागाने नाही, धमकीने नाही. साधं, घरातलं बोलतात तसं, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"पंप राहू दे बये. राजाला लागेल तो."

खटपटीचे हात थांबले. भोकं बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. पळवाट शोधून द्यायची जी काही हौस तिच्यात उरली होती ती तिथेच संपली. यंत्र वाईट नव्हतंच. फक्त ते तिच्या हातात नको होतं.

ती काही बोलायच्या आत आईने चहाचे कप बाकावर आपटले. पुढे आली, कुकर उचलून काखोटीला मारला, आतलं वाळलेलं रेझिन खडखडलं. "कुकर माझा आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "कुणाला द्यायचा ते मी ठरवीन."

खटपटीने कॉम्प्रेसर छातीशी धरून उचलला. जड होता. कुठे नेणार, कुठे ठेवणार, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. शेडच्या बाहेर पडताना मागून बाबांनी हाक मारली, "बये." अगदी हळू, ऐकू यावी की न यावी अशी. केसाएवढ्या भोकाचा आवाज ऐकणारे कान तिचे, तिला ती स्वच्छ ऐकू आली.

"मागचं दार उघड गं आई," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."